सही झालीच नाही, पण ईमेलवर ‘कन्फर्म’ म्हटलं होतं... मग करार झाला का?

परदेशातल्या गिऱ्हाईकाशी आठवडाभर ईमेल चालतात. भाव ठरतो, माल किती ते ठरतं, पैसे कधी द्यायचे तेही ठरतं. शेवटी समोरून एक ओळ येते, ‘ओके, कन्फर्म्ड’. करारपत्र नंतर पाठवू, सह्या नंतर करू, असं म्हणून दोघंही कामाला लागतात. आणि मग बाजार पडतो. करारपत्र सहीशिवाय तसंच राहतं आणि समोरचा म्हणतो, ‘पण आपली सही कुठे झाली होती?’

नाशिकहून द्राक्षं पाठवणारा असो, पुण्यात बसून परदेशी कंपनीचं ॲप बनवणारा असो किंवा इचलकरंजीचा कापडवाला, हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. अशा वेळी कायदा काय म्हणतो?

थोडक्यात उत्तर असं, की बहुतेक वेळा करार झालेला असतो. सहीचा कागद नाही म्हणून सुटका होत नाही. पण तो करार नेमका कधी झाला, कुठे झाला, कोणत्या देशाच्या कायद्याने तो वाचायचा आणि सिद्ध कसा करायचा, इथे खरी गुंतागुंत आहे. ती सोडवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करारही केला. भारत त्यात नाही.

बॉक्साइटची पाच जहाजं आणि दोन ईमेल

भारतात या विषयावर सगळ्यात जास्त सांगितला जातो तो सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल. एका बाजूला दुबईची ट्रायमेक्स इंटरनॅशनल, दुसऱ्या बाजूला भारतातली वेदांता ॲल्युमिनियम.

१५ ऑक्टोबर २००७ ला ट्रायमेक्सने ईमेलवर बॉक्साइट पुरवण्याचा प्रस्ताव पाठवला. बऱ्याच देवाणघेवाणीनंतर १६ ऑक्टोबरला वेदांताचा होकार आला, तोही ईमेलवरच. ऑस्ट्रेलियातून भारतात पाच जहाजं भरून माल यायचा होता. ट्रायमेक्सने जहाज ठरवलं. रीतसर करारपत्राचा मसुदाही दोघांमध्ये फिरू लागला. पण पुढे वेदांताने माल थांबवायला सांगितलं आणि भांडण सुरू झालं.

वेदांताचं म्हणणं होतं, की अजून बऱ्याच गोष्टी ठरायच्या होत्या आणि करारपत्रावर सहीच नाही, म्हणजे करारच नाही. करार नाही म्हटल्यावर त्यातलं लवादाचं कलमही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं नाही. माल कोणता, किती, भाव काय, पैसे कसे, माल कधी पोहोचणार या मुख्य गोष्टी ईमेलवर ठरल्या होत्या आणि त्यांना बिनशर्त होकार मिळाला होता. एकदा करार पक्का झाला, की नंतर त्याचा रीतसर कागद करायचा राहिला म्हणून तो मोडत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. वाद लवादाकडे गेला.

यातली गंमत अशी, की ईमेलवरचा करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येणार नाही असं स्पष्ट सांगणारं आयटी कायद्याचं कलम १०-ए हे २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि २००९ मध्ये लागू झालं. हा व्यवहार त्याच्या आधीचा. म्हणजे न्यायालयाला इथे १८७२ चा जुना भारतीय करार कायदाही पुरला. प्रस्ताव, स्पष्ट होकार आणि मोबदला असेल, तर तो पत्राने कळवला की ईमेलने, याने मूळ करारात फरक पडत नाही.

नुसतं नाव टाइप केलं, ती सही मानायची का?

दुसरी गोष्ट लंडनच्या कोर्टातली, पण तिचं एक टोक गोव्यात आहे.

२००८ मध्ये गोल्डन ओशन या जहाज कंपनीचं एक मोठं मालवाहू जहाज १० वर्षांच्या भाड्याने घ्यायची बोलणी सुरू होती. भाड्याने घेणारी कंपनी सिंगापूरची. गोव्यातली सलगांवकर मायनिंग इंडस्ट्रीज ही खाण कंपनी तिची हमी देणार, असं बोलण्यांत आलं होतं. बोलणी दलालांमार्फत एकामागून एक ईमेलवर चालली. हमीचा वेगळा कागद झालाच नाही. पुढे व्यवहार फिसकटला आणि जहाजवाल्यांनी हमीदाराकडे बोट दाखवलं.

इंग्लंडमध्ये हमीबद्दलचा कायदा आहे १६७७ सालचा. तो सांगतो, हमी लेखी हवी आणि देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीने कोणाची तरी सही हवी. गोव्याच्या कंपनीचं म्हणणं होतं, की ईमेलांच्या माळेला लेखी करार म्हणता येत नाही आणि सही तर नाहीच.

२०१२ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. लेखी म्हणजे सगळं एकाच कागदावर हवं असं नाही, ईमेलांची साखळी एकत्र वाचता येते. आणि सही? शेवटच्या ईमेलखाली दलालाने नुसतं आपलं पहिलं नाव टाइप केलं होतं. आडनावही नाही. न्यायालयाने ती सही धरली. त्या व्यवसायात लोक असेच ईमेल पाठवतात आणि नाव लिहिलं म्हणजे मजकुराची जबाबदारी घेतली, असा त्याचा अर्थ.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ईमेल लिहिणारा कंपनीचा मालक नव्हता, मध्यस्थ होता. तुमच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्ही ज्याला दिला आहे, त्याचं ‘ओके’ तुमच्या गळ्यात पडू शकतं.

खामगावचा एक फोन आणि न्यायालयाचा सहा वर्षांचा प्रवास

आता पुढचा प्रश्न. करार झाला हे मानलं, पण तो कुठे झाला? हे कशाला हवं, असं वाटेल. पण खटला कुठल्या कोर्टात चालणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

यावरचा भारतातला सगळ्यात गाजलेला खटला खामगावचा आहे. २२ जुलै १९५९ ला अहमदाबादची एक फर्म आणि खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी यांच्यात लांब पल्ल्याच्या फोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा ठरला. माल आला नाही म्हणून अहमदाबादच्या फर्मने ३१,१५० रुपयांसाठी अहमदाबादच्या न्यायालयात दावा लावला. खामगाववाले म्हणाले, होकार आम्ही खामगावात बसून दिला, म्हणजे करार खामगावात झाला, इथे दावा चालणार नाही.

पत्राचा नियम खामगावच्या बाजूचा होता. होकाराचं पत्र टपालात पडलं, की प्रस्ताव देणारा बांधला जातो. पण फोनचं काय? १८७२ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फोन नव्हताच. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं, की फोनवर होकार जिथे ऐकला जातो तिथे करार होतो. म्हणजे अहमदाबादला. न्या. एम. हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळं मत दिलं. कायद्याची भाषा आहे तशी वाचली, तर जिथून होकार दिला तिथे करार व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा सौदा झाला तेव्हा खामगाव आणि अहमदाबाद एकाच मुंबई राज्यात होती. एकाच राज्यातल्या दोन गावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकालाला सहा वर्षं लागली. मग विक्रेता नाशिकचा, गिऱ्हाईक रॉटरडॅमचं आणि ईमेलचा सर्व्हर तिसऱ्याच देशात असेल तर?

यासाठी जगाने काय नियम केले?

ही अडचण एकट्या भारताची नव्हती. संयुक्त राष्ट्रांची व्यापार कायद्यावर काम करणारी एक समिती आहे, युन्सिट्राल. तिने १९९६ मध्ये ई-कॉमर्ससाठी एक आदर्श कायदा तयार केला. तो कोणावर बंधनकारक नव्हता. देशांनी त्यावरून आपापले कायदे करावेत अशी अपेक्षा होती. भारताचा २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा, म्हणजे आपला आयटी ॲक्ट, याच साच्यातून आला आहे.

यामागचा विचार साधा आहे. कायदा ‘लेखी’ का मागतो? नंतर पुन्हा वाचता यावं म्हणून. ‘सही’ का मागतो? कोणी लिहिलं आणि त्याला ते मान्य होतं का, हे कळावं म्हणून. हे काम ईमेल करत असेल, तर त्याला कागदाचा मान द्या.

पण आदर्श कायदा प्रत्येक देशाने आपल्या सोयीने बदलून घेतला. म्हणून २३ नोव्हेंबर २००५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक पक्का आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला, तो खास दोन देशांतल्या कंपन्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी. १ मार्च २०१३ पासून तो लागू झाला. त्यातले मुख्य नियम असे :

- केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून कोणताही करार किंवा संदेश बेकायदा ठरवता येणार नाही. पण कोणावर इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची सक्तीही नाही.
- तुम्ही दिलेल्या पत्त्यावर आलेला संदेश तुम्हाला उघडता येण्याजोगा झाला, की तो ‘मिळाला’. दुसऱ्याच एखाद्या पत्त्यावर पाठवला असेल, तर तिथे तो आल्याचं तुम्हाला कळलेलंही हवं.
- सर्व्हर कुठे आहे किंवा वेबसाइटच्या नावाच्या शेवटी कोणत्या देशाचं चिन्ह आहे, यावरून तुमचं ठिकाण ठरत नाही. तुमचा धंदा जिथे आहे ते तुमचं ठिकाण.
- वेबसाइटवर सगळ्यांसाठी टाकलेला भाव हा प्रस्ताव नसतो. ‘या, बोलणी करू’ असं ते आमंत्रण असतं. तसं नसल्याचं स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.
- दोन्हीकडे कॉम्प्युटर असतील आणि माणसाने मध्ये पाहिलं नसेल, तरी करार होऊ शकतो.
- स्वयंचलित सिस्टिमवर माणसाकडून चुकून १०० ऐवजी १००० पेट्या टाइप झाल्या आणि सिस्टिमने चूक सुधारायची संधीच दिली नाही, तर तेवढा भाग मागे घेता येतो. मात्र लगेच कळवायला हवं आणि त्या मालाचा फायदा घेतलेला नसावा.

घरगुती खरेदीला हा करार लागू नाही. परदेशी साइटवरून मागवलेले बूट यात येत नाहीत. जहाजावर चढवलेल्या मालाची बिल ऑफ लेडिंग, हुंडी असे हातोहात फिरणारे दस्तऐवजही यातून वगळले आहेत.

भारत बाहेर असल्याने काय फरक पडतो?

सिंगापूर, श्रीलंका, बहरीन, रशिया हे देश या करारात आहेत. चीनने २००६ मध्ये सही केली, पण पुढची मंजुरी दिली नाही. भारताने सहीच केलेली नाही.

याचा अर्थ आपल्याकडे नियम नाहीत असा नाही. आयटी कायद्याचं कलम १३ संदेश कधी निघाला आणि कधी मिळाला हे सांगतं. ठिकाणाबाबतही त्याचा नियम तसाच आहे, सर्व्हर नव्हे तर धंद्याची जागा महत्त्वाची. पण बारकावे वेगळे आहेत. आपल्या कायद्यात ठरवून दिलेल्या पत्त्याच्या सिस्टिममध्ये संदेश शिरला की तो मिळाला. तो उघडता येण्याजोगा होता का, हा शब्दप्रयोग तिथे नाही. टाइप करताना झालेल्या चुकीसाठी आयटी कायद्यात वेगळी तरतूदही नाही. तिथे पुन्हा १८७२ च्या करार कायद्याकडेच जावं लागतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्यवहारात ‘सिंगापूरचा कायदा लागू’ अशी ओळ असेल, तर भारत सदस्य नसतानाही भारतीय विक्रेत्याला हेच नियम लागू होऊ शकतात, कारण सिंगापूरने ते आपल्या कायद्यात घेतले आहेत. म्हणजे कोणते नियम लागू होणार हे तुमच्या देशापेक्षा त्या एका ओळीवर जास्त अवलंबून असतं. आणि नेमकी तीच ओळ घाईघाईच्या चॅटमध्ये राहून जाते.

अंगठा दाखवला, ८२ हजार डॉलर गेले

ईमेल निदान शब्दांत तरी असतो. इमोजीचं काय?

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये एका शेती कंपनीला जवसाच्या खरेदीच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि करार कन्फर्म करायला सांगितलं. उत्तरात आला अंगठ्याचा इमोजी. नोव्हेंबरमध्ये माल द्यायचा होता. तोवर भाव वाढले आणि माल आला नाही.

शेतकऱ्याचं म्हणणं होतं, अंगठ्याचा अर्थ ‘मेसेज मिळाला’ एवढाच. न्यायालयाने आधीचे व्यवहार काढून पाहिले. याच दोघांमध्ये पूर्वीही असेच फोटो गेले होते, ‘ओके’ किंवा ‘हो’ अशी एका शब्दाची उत्तरं आली होती आणि त्यावर माल पोहोचवलाही गेला होता. मग या वेळी अंगठा म्हणजे होकारच. २०२३ मध्ये ८२ हजार कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त भरपाईचा आदेश झाला. डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक मताने कायम ठेवला.

हा निकाल भारतातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. शिवाय तो व्यवहार कॅनडातल्या कॅनडातला होता. पण त्यामागचा तर्क आपल्या बाजारपेठांना नवा नाही. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत महाराष्ट्राच्या बाजारांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. बाहेरच्याला त्यातलं काही कळायचं नाही, पण दोघांना अर्थ पक्का ठाऊक असायचा. खुणेचा अर्थ त्या दोघांच्या रिवाजावरून ठरतो, हेच कॅनडाच्या न्यायालयाने सांगितलं.

व्हॉट्सॲपच्या खुणाही न्यायालयांनी वाचल्या आहेत. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून बजावलेली नोटीस ग्राह्य धरली, कारण मेसेज पोहोचला आणि जोडलेली फाइलही उघडली, हे त्यातल्या खुणांवरून दिसत होतं.

करार झाला, पण सिद्ध कसा करणार?

इथे बरेच जण अडकतात. मोबाइलमधला स्क्रीनशॉट प्रिंट काढून दाखवला की झालं, असं नसतं.

याबाबतचा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आला. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून वाद होता. उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हे दाखवणाऱ्या व्हिडिओ चित्रीकरणाचा पुरावा कसा मानायचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की मूळ उपकरण न्यायालयात आणत नसाल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचं आहे. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा, आतला एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलते.

लवादापुढे पुराव्याचे नियम इतके कडक नसतात. पण तिथेही मूळ मेसेज असणं आणि फॉरवर्ड केलेला स्क्रीनशॉट असणं यात फरक पडतोच. मोबाइल बदलताना चॅट उडाले किंवा मेसेज आपोआप पुसले जायची सेटिंग सुरू राहिली, तर खरा करारही हातातून जाऊ शकतो.

आणि जिंकलात तरी पैसे कुठून आणणार?

भारतातल्या न्यायालयाचा निकाल परदेशात आपोआप चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-ए खाली ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा ठरावीक देशांच्या न्यायालयांचे निकाल भारतात थेट अंमलात आणता येतात. अमेरिका त्या यादीत नाही. तिथला निकाल आणला, तर त्याच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो.

लवादाचं गणित यापेक्षा सोपं आहे. परदेशी लवादाचे निवाडे मान्य करणाऱ्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात १७० पेक्षा जास्त देश आहेत, त्यात भारतही आहे आणि अमेरिकाही. पण त्यासाठी लवादाचं कलम लेखी हवं. ते ईमेलवर चालतं का? १९९६ च्या आपल्या लवाद कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातल्या पत्रव्यवहाराचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. म्हणजे ईमेलवर मान्य केलेलं लवादाचं कलम भारतात लेखीच धरलं जातं.

मग छोट्या व्यावसायिकाने काय करायचं?

मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. छोट्या निर्यातदाराकडे किंवा फ्रीलान्सरकडे बहुतेक वेळा मोबाइलच असतो. या निकालांमधून त्याच्या कामाच्या काही गोष्टी निघतात :

- करार अजून पक्का करायचा नसेल, तर तसं आधीच लिहा. ‘सही झालेलं करारपत्र होईपर्यंत हे बंधनकारक नाही’ एवढं वाक्य बोलण्यांच्या सुरुवातीलाच असावं. भांडण झाल्यावर त्याचा उपयोग नाही.
- नुसता मेसेज मिळाला असेल, तर ‘मिळाला, पाहून कळवतो’ असं शब्दांत लिहा. अंगठ्यावर भागवू नका.
- अधिकृत पत्ता एकच ठरवा. ‘या व्यवहाराची सगळी पत्रं याच ईमेलवर’ असं समोरच्याला कळवा.
- फोनवर किंवा चॅटवर ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी एका ईमेलमध्ये मांडा. माल, भाव, तारीख, पैसे.
- त्याच ईमेलमध्ये दोन ओळी जास्त घाला. कोणत्या देशाचा कायदा लागू आणि वाद झाला तर लवाद कुठे.
- दलालाला किंवा कर्मचाऱ्याला किती अधिकार आहे, ते समोरच्याला लेखी सांगा.
- मूळ मेसेज आणि फाइली जपून ठेवा. पुसून जाणाऱ्या मेसेजची सेटिंग व्यवहाराच्या चॅटमध्ये बंद ठेवा.

रक्कम मोठी असेल, तर त्या दोन ओळी वकिलाकडून लिहून घेतलेल्या बऱ्या. तो खर्च नंतरच्या खटल्यापेक्षा नक्कीच कमी असतो.

पांढऱ्यावर काळं झालं की व्यवहार पक्का, असं जुनी माणसं म्हणायची. आता ते काळं मोबाइलच्या स्क्रीनवर होतं, अर्ध्या मिनिटात होतं आणि बऱ्याचदा चालता चालता होतं. कायद्याने त्याला कागदाइतकीच किंमत दिली आहे. लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी मात्र ती अजून दिलेली नाही.